जॉन नॉर्क्वे

जॉन नॉर्क्वे (८ मे १८४१ – ५ जुलै १८८९) हे कॅनडातील मॅनिटोबा प्रांताचे प्रीमियर, म्हणजे प्रांतिक मुख्यमंत्री होते. १८७८ ते १८८७ या काळात त्यांनी हे पद भूषविले. त्याच प्रदेशात जन्मलेले ते पहिले प्रीमियर होत.

पूर्वायुष्य

नॉर्क्वे यांचा जन्म रेड नदीकाठच्या वसाहतीत, युरोपीय व आदिवासी अशा मिश्र वंशाच्या मेटी समाजात झाला. बालपणीच पोरके झाल्याने आजीने त्यांचा सांभाळ केला. बिशप डेव्हिड अँडरसन यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांनी शाळेत अध्यापन केले आणि शेतीही केली.

राजकीय कारकीर्द

१८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत अस्तित्वात आला. त्याच वर्षीच्या पहिल्या निवडणुकीत ते हाय ब्लफ मतदारसंघातून निवडून आले. १८७१ मध्ये ते मंत्री झाले आणि १८७८ मध्ये रॉबर्ट डेव्हिस यांच्यानंतर प्रीमियर झाले.

प्रांतातील सरकारी जमिनींची मालकी केंद्र सरकारने स्वतःकडे राखल्यामुळे मॅनिटोबाला केंद्राच्या अनुदानावर विसंबून राहावे लागे. त्यामुळे वाढीव अनुदानासाठी नॉर्क्वे यांना ओटावाशी सतत वाटाघाटी कराव्या लागल्या. १८८१ मध्ये प्रांताच्या सीमा विस्तारल्या.

रेल्वेचा वाद

कनेडियन पॅसिफिक रेल्वेशी झालेल्या करारानुसार, तिच्या मुख्य मार्गाच्या दक्षिणेस अमेरिकेच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या प्रतिस्पर्धी मार्गांना वीस वर्षे परवानगी न देण्याचे केंद्राने मान्य केले होते. स्पर्धेअभावी धान्यवाहतुकीचे दर चढे राहतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. प्रांताने नव्या मार्गांसाठी केलेले कायदे मात्र केंद्र सरकार १८६७ च्या राज्यघटनात्मक कायद्यातील अधिकार वापरून रद्द करीत असे. १८८७ मध्ये नॉर्क्वे यांनी विनिपेगपासून सरहद्दीपर्यंत रेड रिव्हर व्हॅली रेल्वे बांधण्याचे ठरविले. तोही कायदा रद्द झाला. पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड यांच्याशी त्यांचे संबंध विकोपाला गेले. निधीची चणचण आणि हडसन बे रेल्वेला दिलेल्या कर्जरोख्यांवरून उठलेला वाद यांमुळे डिसेंबर १८८७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

अखेरचा काळ व वारसा

१८८८ मध्ये केंद्राने रेल्वेची मक्तेदारी संपुष्टात आणली. ज्या मागणीसाठी नॉर्क्वे झगडले ती मान्य झाली, तेव्हा सत्ता थॉमस ग्रीनवे यांच्या लिबरल सरकारकडे होती. नॉर्क्वे विरोधी पक्षात असतानाच वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विनिपेग येथे निधन पावले. बँफजवळील माउंट नॉर्क्वे या पर्वताला त्यांचे नाव देण्यात आले आहे.