घरगुती शुश्रूषेसाठी शासकीय अर्थसाहाय्य (महाराष्ट्र)
वृद्ध व दिव्यांग व्यक्तींचा घरीच सांभाळ व्हावा म्हणून शासनाने द्यावयाचे साहाय्य. महाराष्ट्रात ते मुख्यतः निवृत्तिवेतनाच्या रूपाने मिळते. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. दोहोंचे मासिक अनुदान जुलै २०२३ पासून १,००० वरून १,५०० रुपये झाले. दिव्यांगांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये. नागपूरच्या इतवारीसारख्या घाऊक बाजारपेठेत हमाली करणाऱ्याचे घरही २१,००० च्या मर्यादेत क्वचितच बसेल.

श्रावणबाळाचे नाव घेतलेल्या योजनेत कावड वाहणाऱ्याला मात्र काहीच नाही. पैसे लाभार्थ्याच्या खात्यात जमा होतात. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे सगळे करणाऱ्या सुनेची बुडालेली मजुरी कोणत्याच रकान्यात येत नाही. वास्तविक दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. पण तो राज्याच्या आर्थिक कुवतीच्या अधीन.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून (२०२४) ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात.