तापलेल्या आखाची कुळकथा

कल्याणच्या फलाटावर लांब पल्ल्याची गाडी शिरते तेव्हा एखादा माणूस डब्यांकडे न बघता चाकांकडे नजर लावून उभा असतो. रेल्वेच्या भाषेत याला ‘रोलिंग-इन’ म्हणतात. गाडी समोरून सरकत असताना तो घरघर ऐकतो, धूर दिसतोय का पाहतो. गाडी थांबली की पिस्तुलासारखं यंत्र एकेका एक्सल बॉक्सवर, म्हणजे आखाच्या टोकावरच्या पेटीवर, रोखतो आणि पडद्यावरचा तापमानाचा आकडा वाचतो. हे पिस्तूल यायच्या आधी त्या जागी हाताचा पंजा होता.

आखाची काळजी घेणाऱ्या या घराण्याचा मूळ पुरुष मात्र बैलगाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा. एरंडेलात जळक्या चिंध्यांची काजळी कालवलेली असायची. कृती गावागणिक वेगळी. तुंबा आखावर कोरडा फिरू लागला की चाक कुरकुरायचं. गाडीवान उतरायचा, खीळ काढायचा, वंगण चोपडायचा. तपासणीचं साधन एकच, कान. तुंबा, आख, खीळ हे शब्द आता शहरात कुणाला लागत नाहीत. वंगण तेवढं टिकलं, आणि सरकारी कचेरीत त्याला जो दुसरा अर्थ लाभला तो सांगायची गरज नाही.

1 मे 1854 ला ठाण्याची रेल्वे कल्याणला पोचली, आणि एरंडेलही गाडीबरोबर आलं. इथल्या रेल्वेत ते दिव्यातही जळत असे आणि चाकातही जात असे. वाघिणीच्या एक्सल बॉक्समध्ये आखाच्या टोकावर वरून पितळी बेअरिंग बसवलेलं असायचं, त्याला आतून मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर. खाली तेलात भिजवलेल्या सुताचे बोळे कोंबलेले. फिरता आख त्या बोळ्यांतून तेल चाटून वर न्यायचा. बोळा सरकला, पावसाचं पाणी आत शिरलं, की तेलाचा थर तुटला. मग अस्तर वितळायचं, आख लाल व्हायचा, आणि वेळीच कळलं नाही तर टोक तुटून चाक निखळायचं. हाच तो ‘हॉट एक्सल’. कल्याणहून पुढे एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे, म्हणजे दोन्हीकडे घाट. त्यामुळे तापलेली वाघीण घाटाखालीच ओळखून कापून ठेवलेली बरी. त्या पितळेला भंगारात भाव असल्यामुळे उभ्या वाघिणींतून बेअरिंगं चोरीला जायची, तो उपद्रव वेगळाच.

वंगण नेमकं करतं काय, हे विज्ञानाला कळलं तेही याच रेल्वेच्या आखामुळे. 1883 साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आखाची बेअरिंगं तपासत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर! त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही वर सरकली. दाबमापी लावली तर काटा चौरस इंचाला 200 पौंडांच्या पुढे. बेअरिंगवरचा सरासरी भार होता 100 च्या आसपास. म्हणजे आख धातूवर टेकलेलाच नव्हता; स्वतःच्या फिरण्याने ओढून आणलेल्या तेलावर तो तरंगत होता. तीन वर्षांनी, 1886 मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. मला या गोष्टीत गणितापेक्षा ती हट्टी खुंटी जास्त आवडते.

पुढे बॉल आणि रोलर बेअरिंगं आली. 1907 साली स्वीडनमध्ये स्वेन विंगक्विस्टने आपोआप जुळवून घेणारं बॉल बेअरिंग केलं, तो कापड गिरणीत यंत्रं सांभाळणारा अभियंता. त्याचीच एसकेएफ कंपनी 1960 च्या दशकात चिंचवडला कारखाना घालून बसली. 1980 च्या दशकात मालवाघिणींना सीलबंद रोलर बेअरिंगं लागू लागली. बोळे गेले, तेलाची बुधली गेली, पितळ चोरणारेही गेले. पण एक पंचाईत झाली. जुनं पितळी बेअरिंग मरताना बोंब मारायचं. मैलोन्‌मैल धूर, जळक्या तेलाचा वास. रोलर बेअरिंग वर्षानुवर्षं गप्प चालतं आणि जातं तेव्हा काही मिनिटांत जातं. पंजा टेकवायला पुढचं स्टेशन येईपर्यंत ते थांबेलच असं नाही.

म्हणून पुन्हा कान. डोंबिवलीच्या एमआयडीसीत जुना फिटर मोटरच्या बेअरिंगवर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो. सूं म्हणजे ठीक, खरखर म्हणजे कोरडं, टकटक म्हणजे टवका उडाला. नवा पोरगा खरखर ऐकली की ग्रीस गन दाबतच सुटतो. जास्त ग्रीस घुसळलं जाऊन बेअरिंग आणखी तापतं. कंपनमापक हेच ऐकतो, फक्त ठोके मोजून. आठ गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये स्थिर बाहेरच्या कड्याला टवका असेल तर एका फेऱ्यात सुमारे सव्वातीन ठोके पडतात. आतल्या कड्याला असेल तर पावणेपाचच्या आसपास. रोग कुठल्या कड्यात, ते दार न उघडता कळतं. रेल्वेनेही काही ठिकाणी रुळांच्या कडेला मायक्रोफोन लावले आहेत. धावत्या गाडीची बेअरिंगं ते एकेक करून ऐकतात.

फलाटावरचं पिस्तूल एकटा आकडा दाखवतं, आणि एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. मे महिन्यातल्या दुपारी उन्हाकडच्या बाजूचे सगळेच बॉक्स गरम लागतात. बघायचं असतं ते शेजारच्यापेक्षा हा किती जास्त, आणि त्याच आखाच्या पलीकडच्या टोकाला किती. पंजाही तेच करायचा: मागच्या बॉक्सची ऊब हातात धरून पुढच्याला टेकायचा.