हार्ड डिस्कची नाडीपरीक्षा

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तो काळ कागदी दप्तरे संगणकात उतरण्याचा होता. कागदाला लागलेली वाळवी दिसते. फिरत्या तबकडीची झीज दिसत नाही. म्हणून १९९० च्या दशकात ‘स्मार्ट’ ही स्वनिरीक्षण पद्धत आली. खराब सेक्टरांची नोंद डिस्क स्वतःच ठेवू लागली.

परंतु २००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आढळले नव्हते.

टकटक आवाज आला, फायली रखडल्या, तर आधी प्रत, मग निदान. लक्षण नसले, तरी प्रत हवीच. आज सातबाराही संगणकावर आहे. दुसरी प्रत नसलेले दप्तर एका तबकडीच्या आयुष्याएवढेच टिकते.