काळ्या दगडाचे बेट : मॉरिशस

सह्याद्रीचा काळा पाषाण आम्हां महाराष्ट्रीयांच्या ओळखीचा आहे. भूगर्भातील ज्या तप्त स्रोतातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे थर साचले, त्याच स्रोताने फार पुढे, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी, हिंदी महासागरात मॉरिशस घडविले, असे भूशास्त्रज्ञ मानतात.

या बेटावर मूळची मनुष्यवस्ती नव्हती. १५९८ साली डच उतरले. त्यांच्याच अमदानीत डोडो पक्षी नामशेष झाला. १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज. जमीन सुपीक, पण दगडांनी भरलेली. ऊस पिकवायचा तर आधी दगड वेचायला हवा. हे काम प्रथम आफ्रिका व मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या माथी आले. त्यांतील कित्येक पळून ल मोर्नच्या कड्याच्या आश्रयाला गेले.

१८३५ साली गुलामगिरी संपली. मळेवाल्यांची गरज मात्र संपली नाही. १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले होते. पुढे त्यांची संख्या लाखांवर गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आमची कोकणची माणसेही होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावरील १६ पायऱ्या चढून ती मळ्यांवर गेली.

त्यांच्या वंशजांपैकी बहुतेकांच्या घरात आज क्रिओल बोलली जाते. तरी गणपती बसतो, आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते.

उसाच्या शेतांत वेचलेल्या दगडांचे ढीग अजून उभे आहेत. किल्ल्यांच्या तटांचा इतिहास आम्ही अभिमानाने सांगतो. त्या ढिगांवर कोणाचे नाव नाही; पण ते रचणाऱ्यांत आमचेही हात होते, म्हणून तोही आमचा इतिहास होय.