लग्नाचा पुरावा

परदेशातील जोडीदाराकडे निघालेल्यांची वकिलातीत होणारी मुलाखत आज सवयीची झाली आहे. तिच्या इतिहासाचा एक धागा हाँगकाँगपर्यंत जातो.

३ मार्च १८७५ रोजी अमेरिकेत ‘पेज कायदा’ संमत झाला. वेश्याव्यवसायासाठी स्त्रिया आणण्यास त्याने बंदी घातली आणि चौकशीचे काम निघण्याच्या बंदरातील अमेरिकी वाणिज्यदूताकडे सोपवले. स्वखुशीने निघालात का? अनैतिक कामासाठी कुणाशी करार केला आहे का? हाँगकाँगमध्ये चिनी स्त्रियांना अशी उत्तरे द्यावी लागत. त्यांची छायाचित्रे सॅन फ्रान्सिस्कोला धाडली जात. तेथे उतरताना चेहरे ताडून पाहिले जात. चीनमध्ये सरकारी विवाहनोंदणी नव्हती. त्यामुळे धर्मपत्नीलाही आपण पत्नी आहोत हे कागदाने दाखवता येत नसे. १८७० मध्ये अमेरिकेतील चिन्यांत स्त्रिया शंभरात सातच होत्या. १८८० च्या जनगणनेत त्या पाचाहूनही कमी भरल्या.

आज मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत विवाहाचा दाखला आणि लग्नाचे फोटो घेऊन नववधू रांगेत उभी राहते. प्रश्न बदलले, कागद वाढले. पण नाते खरे असल्याचे सिद्ध करण्याचा भार अजूनही अर्जदारावरच आहे.