सॅकरीनचा खटला
सॅकरीन या कृत्रिम गोड पदार्थाचे बरेवाईट प्रयोगशाळेपेक्षा राजकारणानेच अधिक ठरवले. १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डांबरातल्या रसायनांवर काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ फालबर्गला जेवताना बोटांवर ही गोडी सापडली. हात न धुता जेवायला बसण्याचा एवढा फायदा क्वचितच कुणाला झाला असेल. पुढे कॅनडातल्या प्रयोगात उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बंदी सुचवली. सायक्लामेट हा दुसरा कृत्रिम गोड पदार्थ आधीच हद्दपार झालेला, त्यामुळे मधुमेही खवळले. संसदेने बंदी रोखली आणि पाकिटांवर इशारा छापून वेळ मारून नेली.

सॅकरीनवर चालणाऱ्या उद्योगांनी सत्य दडपले, असा आक्षेप येतो. त्यांनी बंदीविरुद्ध जाहिरातींचा धडाका लावला होता, हे खरेच. पण त्या उंदरांच्या आहारात सॅकरीन ५ टक्के होते! नर उंदरांच्या मूत्रात त्यातून साका धरतो आणि मूत्राशयाचे अस्तर दुखावते. माणसात तसे होत नाही. हे उलगडल्यावर २००० मध्ये इशारा हटला. अर्थात, कर्करोगाच्या आरोपातून सुटलेला पदार्थ हितकारकच असतो असे नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी असे गोड पदार्थ वापरू नयेत असे सुचवले, मात्र मधुमेहींना त्यातून वगळले.