साखळीचा हिशोब

मोटारीच्या इंजिनांत दोन दंड अखंड फिरत असतात. एक दट्ट्यांच्या बळानें फिरणारा क्रँक, दुसरा झडपा उघडणारा कॅम. पहिल्याचे दोन फेरे होतात तेव्हां दुसऱ्याचा एक पुरा होतो. हा हिशोब क्षणभरहि चुकतां कामा नये. अनेक इंजिनांत तो सांभाळण्याचें काम एका पोलादी साखळीकडे असतें. मिस्त्री लोक तिला टायमिंग चेन म्हणतात.

तिचें कूळ मोटारीहून जुनें आहे. १८७३ सालीं स्वित्झर्लंडमधील आरौ गांवचा हान्स रेनॉल्ड नांवाचा तरुण मँचेस्टरला आला. १८७९ सालीं त्यानें शेजारच्या सॅल्फर्डमधील जेम्स स्लेटर याचा साखळ्यांचा लहानसा कारखाना विकत घेतला. तेथील साखळ्या कापडगिरण्यांच्या यंत्रांना लागत. त्या काळच्या साखळींत खिळीचा सारा भार कडीच्या पातळ पत्र्यावर येई, आणि तेथेंच ती झिजे. १८८० सालीं रेनॉल्डनें खिळीभोंवतीं एक नळी व तिच्यावर फिरतें रूळ बसविलें. भार नळीच्या सबंध लांबीवर वांटला गेला. सुधारणा एवढीच, परंतु तिच्यामुळें साखळी वेगानें आणि दीर्घकाळ चालण्यास योग्य झाली. १८८५ सालीं स्टार्लीच्या 'रोव्हर' सायकलीचें मागचें चाक साखळीनेंच फिरूं लागलें, आणि पुढें साखळी मोटारीच्या पोटांत शिरली.

वांटलेली झीज म्हणजे थांबलेली झीज मात्र नव्हे. साखळी 'ताणली' असें आपण म्हणतों, तेव्हां पोलाद ताणलेलें नसतें. प्रत्येक सांधा केसाएवढा झिजलेला असतो, आणि अनेक सांध्यांची झीज मिळून लांबी वाढते. मग कॅम मागें रेंगाळतो, झडपा उशिरां उघडतात, गाडीचा जोर उतरतो व पुढच्या झांकणाआड खडखड ऐकूं येते. साखळीनें दाता ओलांडला, तर कांहीं इंजिनांत दट्ट्या झडपेवर आदळतो, आणि स्वस्त दुरुस्तीचें महाग दुखणें होतें.

मुंबईच्या कुर्ल्यांत १९६४ पासून तयार झालेल्या फियाट ११०० डिलाइट व पुढच्या पद्मिनी गाडीच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनांतहि साखळीच होती. अशा जुन्या धाटणीच्या गाडीची साखळी ज्याच्या हातीं धीर आहे त्याला घरींहि बदलतां येते. बॅटरीची तार सोडावी, रेडिएटर व पंख्याचा पट्टा काढावा, क्रँकची कप्पी उतरवून झांकण उघडावें. नंतर क्रँक फिरवून दोन्ही दंतचक्रांवरील खुणा निर्मात्याच्या पुस्तकांत दाखविल्याप्रमाणें जुळवाव्या, आणि मगच जुनी साखळी काढावी. नवी साखळी चढविल्यावर क्रँक हातानें दोन पूर्ण फेरे फिरवावा. खुणा पुन्हां जुळल्या व कोठें अडलें नाहीं, तरच झांकण लावावें. मध्येंच अडल्यास बळ करूं नये. ती यंत्राची सूचना समजावी. दंतचक्राचे दाते झिजून वांकडे झाले असतील, तर तींहि बदलावीं. झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी फार दिवस टिकत नाहीं.

१९६२ सालीं बव्हेरियांतील डिंगॉल्फिंग येथें 'ग्लास १००४' या मोटारींत साखळीच्या जागीं दात्यांचा रबरी पट्टा आला. तो हलका, शांत व स्वस्त; पण ठराविक काळानें बदलावाच लागणारा. पुढें अनेक निर्माते पुन्हां साखळीकडे वळले. तरी नव्या इंजिनांत झांकणापर्यंत पोहोंचणेंच गृहस्थाला कठीण झालें आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. जीं थोडीं वाहनें घराघरांतून जपलीं गेलीं आहेत, त्यांचें आयुष्य आतां सुट्या भागांपेक्षां तीं बसविणाऱ्या हातांवर अधिक अवलंबून आहे. साखळी पुन्हां घडवितां येईल. परंतु खूण कोठें पाहावी आणि हात कोठें थांबवावा, हें जाणणारा मिस्त्री गेला कीं तें ज्ञानहि त्याच्याबरोबर जातें. म्हणून ज्याच्या दारीं अशी गाडी आहे, त्यानें तें काम एकदां तरी त्याच्या शेजारीं उभें राहून शिकून घ्यावें.